तुझा स्वच्छ रिपोर्ट

मल्लेश्वरम, बंगळूर
मे १९९८

प्रिय संध्या,

हे पत्र हातात पडलं की आधी दार लावून घे आणि एकटीच वाच. सुट्टीत पुण्याला माहेरी आहेस, तुझ्या आईंनी विचारलं तर सांग, बंगळूरच्या तुंगाअक्कांनी मेतकुटाची फर्माईश केली आहे. फोन करता आला असता, पण आमचा फोन हॉलमध्ये, आणि तो वाजला की आमची पोरगी, मेघाश्री, माझ्या आधी धावते. तुझा फोन असला तर रिसीव्हर माझ्या हाती येईपर्यंत निम्मं बोलणं संपलेलं असतं. शिवाय जे लिहायचं आहे ते मला तोंडाने बोलता येणार नाही. बेळगावच्या शाळेत आमच्या बाई म्हणायच्या, तुंगा, तुझं तोंड तिखट आणि अक्षर गोड. आज दोन्ही एका कागदावर येणार आहेत, सांभाळून घे.

आधी इकडची खबर. आठव्या क्रॉसच्या रस्त्यावर बदामी आंब्यांच्या टोपल्या लागल्या आहेत. (त्यांना हापूस म्हणायचं नाही, हे तू मला दोनदा बजावलं आहेस.) मला आता आंब्याचा वास सोसत नाही, पण घरात आणू नका म्हटलं तर बाकी दोघांचं तोंड कडू होईल, म्हणून गप्प बसते. जयसिंगराव नेहमीसारखे सकाळी यशवंतपूरच्या यार्डात जाऊन कांद्याच्या गाळ्यावर बसतात, दुपारी जेवायला येतात, माझ्या ताटाकडे बघतात आणि परत जातात. एवढ्या वर्षांच्या संसारात या माणसाने मला कधी 'बरं वाटतंय का' असं विचारलेलं नाही. पण परवा बघते तर जाताना माझी तुटलेली चप्पल पिशवीत घालून शिवायला घेऊन चालले होते. मी ती घालून आता कुठे जाणार, असं ओठावर आलं होतं, गिळलं. अंगावरचं पोलकं सैल झालं आहे, पोट मात्र उजव्या अंगाला जड. डोळ्यांत स्वल्प पिवळेपणा आला आहे म्हणतात. मी आरशात बघत नाही. मेघाश्री माझ्याकडे बघते आणि मग खिडकीबाहेर बघते, त्यावरून मला कळतं. लाल औषधाची, त्या केमोची, सलाईन डॉक्टर हयवदननी बंद केली. आता पुढे काय, असं मी विचारलं, तर म्हणाले, "आता घरी आराम करा तुंगाबाई, जे आवडेल ते खा." डॉक्टर जे आवडेल ते खा म्हणाले की काय समजायचं ते मी समजले.

तर ही झाली खबर. आता दुसरी गोष्ट. संध्या, मी तुझ्यावर जळते. आज नाही, पहिल्यापासून जळते. तुला ते कधी जाणवलं का, मला माहीत नाही. तुला वाटत असेल, अक्का जरा फटकळ आहे, पण मनाची प्रेमळ आहे. फटकळ आहे हे खरं.

शहाण्णव साली त्या वॉर्डात तुला माझ्या शेजारच्या खाटेवर आणलं, ते मला काल घडल्यासारखं दिसतं. ऑपरेशननंतर शुद्धीवर येताना तू 'आई गं' म्हणून कण्हलीस. कन्नड, तमिळ, तेलुगूच्या त्या गलक्यात ते दोन शब्द ऐकून मी माझे टाके ओढत उठून बसले होते. नर्सने तुला कन्नडमध्ये काहीतरी विचारलं, तुला कळेना, तू नुसती मान हलवत होतीस. मी तिला सांगितलं, तिला उलटी होईल असं वाटतंय, भांडं आण. आपली ओळख अशी भांड्यावरून झाली. मग लक्षात आलं की आपलं दुखणंही एकच आहे. आतड्याच्या भिंतीतल्या मऊ मांसाला धरलेली गाठ. माझी चिक्कूएवढी, तिच्यातून आतल्या आत रक्त गळत होतं म्हणून मला चक्कर आली आणि सापडली. तुझी शहाळ्याएवढी. तुझ्या सासूबाई तर तुझं पोट बघून डोहाळे विचारायला लागल्या होत्या. हे तू मला सांगितलंस तेव्हा दोघी हसलो आणि दोघी टाके धरून कळवळलो.

तेव्हा मनातल्या मनात मी एक हिशेब मांडला होता, तो आज सांगते. माझी गाठ लहान, तुझी मोठी. म्हणजे मी वाचणार. तुझ्याबद्दल वाईट वाटलं, नाही असं नाही, पण त्या वाईट वाटण्याच्या खाली एक गारवा होता, उन्हातून आल्यावर फरशीवर पाय टेकल्यासारखा. मग डॉक्टर हयवदन राऊंडला आले आणि आपल्या दोघींच्या मध्ये उभं राहून त्यांनी समजावलं. तुझ्यासाठी इंग्रजीत, माझ्यासाठी कन्नडमध्ये. या जातीची गाठ काढली तरी तिचे कण रक्तातून निसटलेले असू शकतात. आतड्यातलं सगळं रक्त आधी लिव्हरमध्ये जातं, म्हणून ते कण पहिल्यांदा तिथेच जाऊन बसतात. लिव्हरवर डोळा ठेवायचा. दर चार महिन्यांनी स्कॅन. मी विचारलं, दुखेल का? ते म्हणाले, "नाही. तेच तर वाईट आहे. बसल्यावर कित्येक महिने काही कळत नाही." आणि निघता निघता म्हणाले, गाठीच्या आकारावर जाऊ नका, तिचा स्वभाव बघायचा असतो. संध्याच्या गाठीचा स्वभाव शांत आहे. माझ्या गाठीबद्दल त्यांनी काही म्हटलं नाही. मीही विचारलं नाही. माझा हिशेब तिथेच चुकला होता, पण कळायला वर्ष जावं लागलं.

वॉर्डात तुझा पद्मनाभ रोज येऊन तुझे केस विंचरायचा. कंगवा कसा धरायचा हेही त्याला धड येत नव्हतं, पण गुंता सोडवताना तोच 'स्स स्स' करायचा, जसं काही त्यालाच दुखतंय. मी भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. आमचे जयसिंगराव डबा आणून स्टुलावर बसत, कन्नड पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचत आणि भेटीची वेळ संपली की घडी घालून निघत. तुझी जखम सुतासारखी भरली, माझी चिघळली. तू चार पावलं चाललीस, तेव्हा मी अजून कुशीवर वळायला माणूस शोधत होते. सगळ्या वॉर्डाने तुला टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या, संध्या. जोरात वाजवल्या.

नंतर आपली जोडी जमली. तुला रिक्षावाल्याशी भांडायला माझं कन्नड लागायचं, मला रिपोर्टावरचं इंग्रजी वाचायला तू. दर खेपेला मी मल्लेश्वरमहून आणि तू हेब्बाळकडून येऊन त्या स्कॅनच्या खोलीबाहेरच्या बाकावर एकत्र बसायचो, तांब्याभर पाणी पिऊन फुगलेलं पोट धरून. तू त्याला सोनोग्राफी म्हणायचीस. दोघींचे रिपोर्ट चांगले आले की समोरच्या खानावळीत जाऊन डोसा खायचा, हे ठरलेलं. ते दिवस चांगले होते. तेव्हा जळण्यासारखं फारसं काही नव्हतं, तुझी साडी सोडून.

मग तू माझ्या घरी यायला लागलीस आणि मेघाश्रीने तुला पाहिलं.

आमची ही एकच मुलगी. जन्मल्यापासून मला अम्मा म्हणणारी. घरात आमची मराठी कशी, ते तू ऐकलं आहेस. निम्मं कन्नड, वर फोडणीला मराठी. तिच्या आज्जीपणज्या इथल्याच, मी एकटी बेळगावची. मी शुद्ध बोलायला शिकवायची तर ती खिदळायची. आणि तू यायला लागून महिना होत नाही तोच पोरगी 'अगदीच', 'छे गं', 'कसलं भारी' असं बोलायला लागली. तुला ती मावशी म्हणते, आणि तुझ्यासमोर मला आई, तू गेलीस की पुन्हा अम्मा. ते आई ऐकताना मला वाटतं, ही हाक माझी नाही, तुझ्याकडून उसनी आणून मला घातली आहे. पद्मनाभच्या कंप्युटरवर शिकायला म्हणून ती हेब्बाळला जायला लागली, ते शनिवारी, मग रविवारीही. तुझ्या शुभंकरला गणित शिकवते, तुझ्याकडून थालीपीठ शिकते. परत येते तेव्हा तिच्या अंगाला तुझ्या घरचा वास असतो. माझ्या घरात कांद्याचा वास आहे, मला माहीत आहे. जयसिंगरावांच्या शर्टातून तो निघत नाही.

यार्डातल्या संताजी मोऱ्यांच्या मुलाचं स्थळ आलं होतं, ते आठव. घर चांगलं, मुलगा निर्व्यसनी. मी मेघाश्रीला विचारलं, ती म्हणाली, सरी, म्हणजे बरं, तुम्ही बघा. मी कामाला लागले. आणि एक दिवस तू माझ्या स्वयंपाकघरात ओट्याला टेकून, शेंगा सोलता सोलता म्हणालीस, "तुंगाअक्का, रागावू नका, पण तिला पुढे शिकायचंय हो. तुम्हाला सांगायला घाबरते." मी तुला चहा दिला, लाडू दिला, रिक्षापर्यंत सोडायला आले. परत येऊन मी सोललेल्या शेंगा पुन्हा एकदा निवडल्या. माझ्या पोटी आलेल्या मुलीच्या मनात काय आहे, ते मला तुझ्या तोंडून कळावं! स्थळ मी त्याच आठवड्यात परत पाठवलं. जयसिंगरावांना वाटलं, आजारामुळे मी हाय खाल्ली. त्यांना काय सांगणार?

आता त्या दिवसाकडे येते. गेल्या दिवाळीच्या आधीचा तो स्कॅन. माझा नंबर आधी, तुझा लगेच मागून. डॉक्टर इंग्रजीत काही म्हणाले तर समजावं म्हणून मी तुला आत घेतलं होतं. माझी पर्स छातीशी धरून तू माझ्या डोक्याशी उभी होतीस. ते थंड यंत्र माझ्या उजव्या बरगडीखाली फिरायला लागलं. फिरलं, थांबलं, परत फिरलं. मग त्यांनी दुसऱ्या डॉक्टरांना बोलावलं. दोघं पडद्यावर बोट ठेवून हळू आवाजात बोलत होते. मला पडदा दिसत नव्हता. मला तू दिसत होतीस. मी तुझ्या तोंडाकडे बघत होते आणि तुझ्या तोंडावर माझा रिपोर्ट मी वाचला. बाई गं, तुझा चेहरा असा झाला होता, जसं काही ते डाग तुझ्याच अंगावर उठत आहेत. मग तू पर्स माझ्या पायाशी ठेवलीस, 'शुभंकरची शाळा सुटेल' असं काहीतरी पुटपुटलीस आणि गेलीस. मी पोटावरचं ते बुळबुळीत पुसत होते तेव्हा बाहेर काउंटरवरची बाई तुझं नाव पुकारत होती. दोनदा पुकारलं. तेव्हा माझं लक्ष त्यात नव्हतं.

लिव्हरच्या दोन्ही बाजूंना, कितीतरी. डॉक्टर हयवदननी पेन घेऊन कागदावर लिव्हर काढून दाखवलं, मोठ्या पपईच्या फोडीसारखं. एखादीच गाठ असती, एका बाजूला असती, तर तेवढा भाग कापून काढला असता, म्हणाले, लिव्हर पुन्हा वाढतं. पण तुमच्यात इकडेही आहेत आणि तिकडेही. कापायचं कुठे? चार महिन्यांपूर्वी तिथे काही नव्हतं हो, मी म्हटलं. ते म्हणाले, हो, नव्हतं.

दुसऱ्या दिवशी तुझा फोन आला. आवाज खोल गेलेला. आधी माझ्यासाठी रडलीस. मग मी विचारलं, आणि तुझं? तू म्हणालीस, "आज सकाळी जाऊन आले, अक्का. माझं स्वच्छ आहे." दिवाळीत पद्मनाभ पेढे घेऊन आला. बिचाऱ्याला माझ्यासमोर आनंद लपवता येईना आणि दाखवताही येईना. मी पेढा तोंडात टाकला. माती खाल्ल्यासारखा लागला, पण पूर्ण खाल्ला, आणि छान आहे म्हटलं.

त्या दिवसापासून मी जी जळले आहे, ती तुला काय सांगू? लाल औषध थेंबथेंब हातात उतरायचं तेव्हा मी देवाचं नाव घेत नव्हते, तुझं घेत होते. शहाळ्याएवढी गाठ होती तिला काही नाही, आणि मला? तिच्या घरी नवरा केस विंचरतो, तिचा मुलगा अजून मांडीवर झोपतो, आणि आता माझी मुलगीही तिचीच. माझे केस गळायला लागले तेव्हा तू रेशमी रुमाल आणलास, निळा, आणि स्वतःच्या हाताने माझ्या डोक्याला बांधलास. तुझी वेणी माझ्या खांद्यावर पडली होती. ती ओढावी असं वाटलं मला. खरंच वाटलं. फेब्रुवारीत तू पुन्हा सांगितलंस, एकटीच जाऊन आले, स्वच्छ आहे. मी म्हटलं, देवाची कृपा. आणि फोन ठेवून जयसिंगरावांवर विनाकारण ओरडले. ते कधी नव्हे ते बोलले, "काय झालं?" मी म्हटलं, काही नाही, कुणाचं तरी चांगलं झालं.

आता नीट वाच.

मागच्या आठवड्यात डॉक्टरांना दाखवायला गेले होते. जयसिंगराव खाली औषधं घ्यायला थांबले, मी बाकावर बसले. काउंटरवरची बाई, ती कुंकवाचा मोठा टिळा लावणारी, तुला माहीत आहे, माझ्याजवळ आली आणि तिने कन्नडमध्ये विचारलं, "तुमची ती लांब वेणीवाली मैत्रीण दुसऱ्या डॉक्टरांकडे जाते का? त्या दिवशी नाव पुकारलं तर निघून गेली, ती परत आलीच नाही." मी म्हटलं, आली असेल, तुमची सुट्टी असेल. ती म्हणाली, नाही अम्मा, मी विसरत नाही. आत गेल्यावर मी डॉक्टर हयवदनना सहज विचारल्यासारखं विचारलं. तेही म्हणाले, संध्या? त्या पुण्याला परत गेल्या ना? मला वाटलं, तिकडेच दाखवत असतील.

मी तुला ओळखते. तू तिकडे दाखवत नाहीस. दाखवलं असतंस तर मला खोटं सांगायचं कारण नव्हतं.

रिक्षात बसले आणि मला आनंद झाला, संध्या. लाज वाटते, पण लिहिते. मला आनंद झाला. सदाशिवनगरच्या चढावर रिक्षा धापा टाकत होती आणि मी पदरात तोंड घालून हसत होते. जयसिंगरावांना वाटलं, मी रडते आहे. त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. कधी ठेवत नाहीत, त्या दिवशी ठेवला. आणि मी काय विचार करत होते? म्हणजे स्वच्छ नाहीच! म्हणजे तिलाही माहीत नाही! म्हणजे कदाचित तिच्याही… एवढे महिने मी ज्या रिपोर्टावर जळत होते तो कुठे अस्तित्वातच नव्हता. मला वाटलं, आता आपण दोघी पुन्हा एका बाकावर आलो.

घरी आले तर मेघाश्री हॉलमध्ये जमिनीवर बसून तुझ्याशीच फोनवर बोलत होती. मला बघून तिने घाईने फोन ठेवला, पाणी आणलं आणि माझे पाय दाबायला बसली. पायांना सूज आहे ना, तिची बोटं उमटत होती. कुणास ठाऊक कुठून, मी तिला विचारलं, माझ्यामागे काय करशील गं? आजवर हा विषय आम्ही दोघींनी काढला नव्हता. ती दाबत राहिली. मला वाटलं, असं बोलू नकोस म्हणेल, रडेल. ती रडली नाही. खाली बघूनच म्हणाली, "मावशीकडे जाईन, अम्मा. थोडे दिवस. अप्पांना इथे एकटं ठेवून फार दिवस नाही राहणार. पण आधी मावशीकडे जाईन."

माझ्या काळजाला आधी चटका बसला, नेहमीचा. माझी चिता विझायच्या आधी ही तिच्या दारात! आणि त्याच्या पाठोपाठ, तो चटका अजून चरचरत असताना, मला दिसलं की ती हेब्बाळच्या तुमच्या घराची पायरी चढते आहे आणि दार उघडायला तू नाहीस. दिसलं म्हणजे अगदी दिसलं. पद्मनाभ दारात उभा आहे, तुझा कंगवा हातात धरून. माझं हसू कुठल्या कुठे गेलं. मी पाय ओढून घेतले. मेघाश्री म्हणाली, दुखलं का? मी हो म्हटलं.

तू का पळालीस, ते त्यानंतर माझ्या ध्यानात आलं. मला बिछान्यावर दुसरं काम काय आहे? तू माझं लिव्हर पाहिलंस. माझ्याआधी पाहिलंस. बघणारीला सोसत नाही अशी गोष्ट मी तुला बघायला लावली, कारण मला इंग्रजी येत नाही. त्यात तुझा दोष धरत नाही. जे दिसलं ते आपल्याही आत असेल, या भीतीने तू ते दार लावून घेतलंस आणि बाहेरून 'स्वच्छ' म्हणून पाटी लावलीस. पद्मनाभला पेढे वाटू दिलेस. मला सांग, रोज त्याच्या हातात केस देऊन बसताना तुला कसं वाटतं? रागाने विचारत नाही. मी पण तुझ्यासमोर गेले वर्षभर खोटंच हसत होते.

मी पद्मनाभला काही सांगितलेलं नाही आणि मेघाश्रीलाही नाही. सांगणारही नाही, जर तू ऐकलंस तर. नाही ऐकलंस तर दोघांना सांगेन, हेही लिहून ठेवते. तेवढा दुष्टपणा माझ्या अंगात अजून शिल्लक आहे.

हे पत्र मी एवढ्याचसाठी लिहिते आहे: तू उद्यान एक्स्प्रेसने बंगळूरला उतरलीस की घरच्या बॅगा उघडायच्या आधी डॉक्टर हयवदनांकडे जायचं. त्यांना मी सांगून आले आहे, ते वाट बघत आहेत, रागावणार नाहीत. एकटी जायची छाती नसेल तर मला सांग, मी येईन. नीट चालता येत नाही, पण रिक्षात बसता येतं आणि बाकावर बसता येतं. तुझ्या गाठीचा स्वभाव शांत आहे, हे ते स्वतः म्हणाले होते. काही असलंच तर एखादं असेल, एका बाजूला असेल, कापून काढता येईल, वेळ गेलेली नसेल. माझ्यात ती सोय नव्हती, तुझ्यात असू शकते, आणि ती सोय तू भीतीपोटी वाया घालवते आहेस, याचा मला जितका संताप येतो तितका माझ्या मरणाचाही येत नाही. मेघाश्रीला तू हवी आहेस. मी तुला ती खुशीने देत नाही, हे लक्षात ठेव. माझा जीव तुटतो देताना. पण तिला कुणीतरी ओरडणारं लागेल, परीक्षेच्या आदल्या दिवशी जेवायला बसवणारं लागेल, आणि उद्या तिने कुणाला पसंत केलं तर आधी जयसिंगरावांच्या कानावर घालणारं लागेल. ते माझ्याने होणार नाही. पोरीने एकदा आईला खांदा दिल्यावर वर्षा-दोन वर्षांत पुन्हा तेच करावं, एवढं तिचं वय नाही. म्हणून तू जगायचं आहेस. माझ्यावर दया म्हणून नको, माझी इच्छा म्हणूनही नको, तिच्यासाठी. जा, तपासून घे. आणि खरोखर स्वच्छ निघालं, तर मला येऊन तोंडावर सांग. मी पुन्हा जळेन, पोटभर जळेन, आणि या वेळी खऱ्या रिपोर्टावर जळेन.

शुभंकरला पापा. तुझ्या आईंना नमस्कार.

तुझा राग राग करणारी आणि तरी तुझीच,
तुंगाअक्का